भात्याचा आवाज

बाबांच्या पायपेटीचं पेडल खाली गेलं की 'धप' व्हायचं आणि वर येताना चामड्याच्या बिजागरीतून बारीकशी 'कर्र' निघायची. मांडवात बसलेल्यांना यातलं काही ऐकू जात नसे, त्यांच्यापर्यंत फक्त सूर पोचायचे. मला मात्र ऐकू यायचं, कारण मी पेटीच्या बाजूला, जवळजवळ बाबांच्या गुडघ्याला टेकून बसलेला असायचो. पदांच्या वहीची पानं उलटणं हे माझं काम. वय नऊ-दहा असेल.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेनंतर देवळाच्या मांडवात संगीत नाटक व्हायचं, अजूनही होतं. गोव्यात गावोगावच्या देवळांत ही उत्सवी नाटकं होत आली आहेत. नट गावातलेच. कोणी शाळामास्तर, कोणी बँकेत, कोणी स्वतःचं दुकान सांभाळणारा. पडदा वर जायला रात्रीचे अकरा वाजायचे आणि पदांना वन्समोअर मिळत गेले की भैरवीपर्यंत कोंबडं आरवायचं. १९८६ सालच्या अशाच एका रात्रीच्या दोन कॅसेट आमच्या घरात उरल्या आहेत. प्रत्येकी नव्वद मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. नाटकाचा सगळा मिळून निम्माच भाग.

मी गाणी ऐकायचा नवीन डिजिटल प्लेअर घ्यायचं ठरवलं ते या दोन कॅसेटींसाठी. एरवी गाणी ऐकायला फोन पुरतो, हे मला मान्य आहे.

गोव्याच्या पावसात कॅसेट टिकवणं म्हणजे लोणच्याची बरणी जपण्यासारखं काम. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात, तिथे फितीचं काय! एका कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. ती मऊ सुती कापडाने, फीत हाताने एक-एक वीत पुढे सरकवत साफ करायला दोन दुपारी गेल्या. मग चांगल्या डेकवर लावून संगणकात उतरवून घेतली, तर सगळं नाटक घाईत असल्यासारखं वाजू लागलं. नायकाचा आवाज बारीक, तबला चटचट. त्या रात्री रेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरत आल्या असणार. यंत्र हळू फिरत फीत भरत गेलं, म्हणजे आता नीट वेगाने लावली की गाणं पळणार.

किती पळतंय हे काढायची एक सोय फितीवरच होती. मांडवातल्या लाउडस्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा विजेमुळे येणारा घुमा सगळ्या नाटकाखाली चालू आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्या घुम्याचा पायाही ५० वर असायला हवा. संगणकावर तो ५३ च्या आसपास दिसत होता. ५० आणि ५३ मध्ये जवळजवळ बरोबर अर्ध्या स्वराचं अंतर पडतं. वीज त्या काळी नेहमी नेमकी पन्नासवर असायची असं नाही, म्हणून मी घरातली पायपेटी उघडली आणि पडताळून पाहिलं. काळी दोनमध्ये गायलेलं पद फितीवर पांढरी तीनमध्ये, म्हणजे लगतच्या वरच्या पट्टीत, वाजत होतं. तेवढा वेग कमी केला आणि नायकाचा आवाज त्याच्या जागी आला. त्या गृहस्थांना मी पुढे कितीतरी वर्षं बाजारात मासे घेताना बोलताना ऐकलं होतं. तोच आवाज.

या ध्वनिमुद्रणात बावीस सेकंद अशी आहेत की ज्यांच्यासाठी मी पुढचे चार महिने घालवले. दुसऱ्या अंकात नायक पदाआधीचं वाक्य विसरतो. विंगेतून कोणीतरी कुजबुजतं. बाबा पदाची सुरावट वाजवून झालेले आहेत, आता त्यांना थांबताही येत नाही, म्हणून ते नुसता षड्ज धरून बसतात. तबला गप्प. माणसं गप्प. त्या काळच्या रेकॉर्डरांत आवाज आपोआप सावरणारी योजना असायची, मांडव शांत झाला की यंत्र आपणहून कान ताणायचं आणि खरखरीसकट सगळं वर यायचं. त्या वर आलेल्या शांततेत, षड्जाच्या खाली, बाबांचे पाय आहेत.

ही बावीस सेकंदं मला प्रवासात, चोडण बेटाच्या फेरीबोटीवर, कानात हवी होती.

वायरचं छिद्र फोनांतून जायला लागून बरीच वर्षं झाली. ब्लूटूथवर ऐकायला माझी हरकत नाही, पण त्यात आवाज वाटेत पुन्हा एकदा दाबला जातो. साध्या पद्धतीत सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटांच्या घरात, एलडॅक नावाच्या वरच्या दर्जाच्या पद्धतीत ९९० पर्यंत. सीडीचा आवाज १४११. गजबजलेल्या सिनेसंगीतात हा फरक कानाला सहसा जाणवत नाही. माझी अडचण खरखरीची होती. एमपीथ्रीसारख्या पद्धती कानाला जे ऐकू येणार नाही असं वाटतं ते टाकून देतात, आणि फितीची खरखर ही त्यांना सर्वांत जड जाणारी गोष्ट, कारण तिच्यात काही ठरलेलं, पुन्हा-पुन्हा येणारं नसतं. १२८ किलोबिटांवर ती खरखर पाण्याखाली गेल्यासारखी बुडबुडू लागते आणि तिच्यासोबत ती 'कर्र' विरघळून जाते. मी स्वतः करून पाहिलं. खरखर काढून टाकणारी सॉफ्टवेअरंही वापरून पाहिली. खरखर गेली, सूर स्वच्छ झाले, आणि बाबा खुर्चीवरून उठून गेले. कारण बिजागरीचा आवाज आणि खरखर एकाच पट्टीत राहतात, एकीला हाकललं की दुसरीही जाते. म्हणून फाइल जशीच्या तशी ठेवली, फ्लॅकमध्ये. फ्लॅकमध्ये काही टाकून दिलं जात नाही, घडी घालून ठेवलेला कपडा उलगडावा तसा आवाज पूर्ण परत मिळतो.

मग प्लेअर शोधायला लागलो. या वस्तूंचा इतिहास माझ्या वयाच्या माणसाने अंगावरच झेललेला आहे. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला, २००१ मध्ये पाच गिगाबाइटचा आयपॉड आला, २०२२ मध्ये आयपॉड बंदही झाला. आता फिओ, हायबी, शानलिंग, अ‍ॅस्टेल अँड कर्न अशी नावं आहेत, आणि सोनी आहेच. किमती काही हजारांपासून लाखाच्या पुढे. खोक्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, ३८४ किलोहर्ट्झ असे आकडे चढत जातात.

या आकड्यांविषयी माझं मत सांगतो. माणसाचा तरुण, निरोगी कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. सीडीचे सेकंदाला ४४,१०० नमुने बावीस हजारांपर्यंतचा आवाज पकडतात. सोळा बिटांत मिळणारं, सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं ९६ डेसिबलचं अंतर साध्या फितीला कधी गाठता आलेलं नाही. १९८६ च्या कॅसेटसाठी सीडीएवढी मापं भरपूर झाली, उरतील इतकी. माझ्या गावापासून जवळच असलेल्या केरीच्या गायिका केसरबाईंच्या जुन्या तबकड्या कोणी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये विकत असेल तर तीच गोष्ट. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जे आलं तेवढंच आहे, आणि जे आलं ते पुष्कळ आहे. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात, दोन्ही यानं निघून गेल्यावर काही दिवसांतच, केसरबाई गेल्या. मला त्या तबकडीतलं एक फार आवडतं. ती पाठवणाऱ्यांनी वाजवायची सुई आणि कार्ट्रिजही सोबत घातलं, आणि ती किती वेगाने फिरवायची ते वरच्या झाकणावर चित्रांनी कोरून ठेवलं. मिनिटाला १६⅔ फेरे. वेग चुकला तर काय होतं ते मला ठाऊक झालं होतं.

माझ्यापुढे चार गोष्टी होत्या. फोनला लावून त्यात इअरफोन जोडायचं बोटाच्या पेराएवढं डॉंगल. पणजीतल्या एका मित्राने आठवडाभर वापरायला दिलेला महागडा प्लेअर. मी मागवलेला मध्यम किमतीचा. आणि खणात पडून असलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक.

पहिले चार दिवस मी एकटाच ऐकत होतो. मित्राच्या प्लेअरवर सगळं उजळ लागायचं. तानपुऱ्याच्या तारा सुट्या, गायकाच्या तोंडातली जीभ टाळूला लागून सुटते तीही ऐकू येतेय असं वाटायचं. मी वहीत लिहूनही ठेवलं: 'मोठा फरक.' 

गणपतीच्या चवथीला भाची आली. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आरत्या होऊन, घुमटं ही मातीची वाद्यं खुंटीला लागून घर जरा शांत झाल्यावर तिने माझी वही वाचली आणि विचारलं, "मामा, चारीवर आवाज सारखाच मोठा ठेवला होतास?"

मी म्हटलं, "अंदाजाने."

"अंदाजाने नाही चालत. जो किंचित मोठा वाजतो तो चांगला वाटतो. एक डेसिबलसुद्धा पुरतो. मोठा आहे हे कळतच नाही, चांगला आहे असंच वाटतं."

दुसऱ्या दिवशी तिने मल्टिमीटर आणि दोन तोंडांची वायर काढली. एका तोंडाला माझे इअरफोन, दुसऱ्याला मीटर. प्रत्येक यंत्रावर २०० हर्ट्झचा एक सरळ सूर लावला आणि मीटरवर एकच आकडा येईपर्यंत आवाज कमी-जास्त करत बसली. मित्राच्या प्लेअरवर माझी नेहमीची खूण जवळजवळ तीन डेसिबल वर होती. मग तिने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. कोणतं यंत्र लावलंय ते तिने सांगायचं नाही, मी ओळखायचं. सोळा वेळा. सोळापैकी बारा बरोबर आले तरच ओळखलं असं मानायचं, कारण त्याच्याखाली नुसतं नाणं उडवूनही जमून जाऊ शकतं.

मित्राचा प्लेअर आणि डॉंगल, यांच्यात माझे नऊ बरोबर आले. मित्राचा आणि मी मागवलेला, यांच्यात सात.

वहीतल्या त्या ओळीकडे मी बराच वेळ बघत होतो. मी खोटं लिहिलं नव्हतं. तानपुरा मला खरंच सुटा ऐकू आला होता. बाहेर काजू-फणसांवर पाऊस पडत होता, भाची आतून नेवऱ्या घेऊन आली, आणि आम्ही चौथं यंत्र लावलं.

जुन्या प्लेअरचे पंधरा बरोबर आले. तो पहिल्या दोन सेकंदांतच वेगळा कळायचा. षड्ज नाकात गेल्यासारखा. भाचीने कारण समजावलं ते मला फार पटलं. इअरफोनचा विजेला होणारा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो, माझ्या इअरफोनसारख्यांत तर तो खालच्या सुरांना एक आणि वरच्यांना भलताच असतो. प्लेअरच्या तोंडाशीही थोडा रोध असतोच. तो नगण्य असेल तर इअरफोनला हवं ते मिळतं. जास्त असेल तर विजेचा दाब दोघांत वाटला जातो, आणि ही वाटणी प्रत्येक सुराला वेगळी होत असल्याने आवाजाचा रंगच बदलतो. प्लेअरचा रोध इअरफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा असा साधारण नियम आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत नसणारा हा आकडा मला सगळ्यात कामाचा वाटला. मित्राच्या यंत्राचीही एक बाजू दिसली. मोठे, जड हेडफोन चालवायला केलेलं ते यंत्र माझ्या नाजूक इअरफोनवर स्वतःची एक मंद 'स्स' घालत होतं. खरखरीच्या फितीवर ती लपून गेली होती, दोन गाण्यांच्या मध्ये उघडी पडली.

इतकं सगळं झालं, पण बाबांची 'धप' चारीपैकी कशावरच नव्हती. 'कर्र' होती. षड्ज होता. पाय खाली जाण्याचा आवाज नव्हता. घरातल्या जुन्या, कान झाकणाऱ्या हेडफोनवर तो आहे, म्हणजे फाइलमध्ये आहे. इअरफोनवर नाही.

तो सापडला फेरीवर. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरी सुटली, मांडवीवर वारा होता, आणि वाऱ्याने कानात शीळ घातली म्हणून मी डावा इअरफोन बोटाने आत दाबून धरला. डाव्या कानात 'धप' झालं. बोट काढलं, गेलं. पुन्हा दाबलं, आलं. इंजिनाची घरघर पायाखालून चालू होती आणि तिच्यावरही ते ऐकू येत होतं. चोडण येईपर्यंत मी ती बावीस सेकंदं किती वेळा फिरवली कोण जाणे.

माझ्या डाव्या कानाचं भोक उजव्यापेक्षा मोठं आहे. इअरफोनचं रबरी टोपण तिथे नीट बसत नव्हतं, फट राहत होती. वरचे सूर फटीची पर्वा करत नाहीत. खालचे सूर मात्र कानातल्या कोंडलेल्या हवेवर जगतात, फट राहिली की ते तिथूनच निघून जातात. उजव्या कानात तो येत असणार, पण एका कानातली ती मंद धप इंजिनापुढे आणि पंख्यापुढे टिकत नसावी. खोक्यात तीन मापांची टोपणं आलेली असतात. मी डावीकडे मोठं आणि उजवीकडे मधलं बसवलं. कानात नीट कोंडलं की बाहेरची गडबडही कमी शिरते आणि आवाज चढवावा लागत नाही, हे आणखी एक. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलवर चाळीस तास एवढी मर्यादा सांगते. फेरीवर आणि कदंबाच्या बसमध्ये आवाज चढवून चढवून मी ती कितीदा ओलांडली असेन!

कोणी प्लेअर घ्यायला निघाला आणि मला विचारलं तर मी आता एवढंच विचारतो, की तू कोणता आवाज प्रत्यक्ष, यंत्राशिवाय, जवळ बसून ऐकला आहेस? घरातला तंबोरा, आईचं जात्यावरचं गाणं, गावच्या देवळातली झांज, काहीही. त्याचं ध्वनिमुद्रण मिळव आणि ते घेऊन बस. लता मंगेशकरांचा आवाज या यंत्रात खरा की त्या यंत्रात, हे मी कसं सांगणार? मी त्या स्टुडिओत कधी नव्हतो. मला माहीत आहे ते यंत्रातूनच माहीत आहे. पायपेटीजवळ मात्र मी होतो.

शेवटी मी मध्यम किमतीचा ठेवला. आवाजात तो डॉंगलपेक्षा वरचढ नाही, हे मी भिंतीकडे तोंड करून कबूल केलेलं आहे. पण त्याला बाजूला खरी बटणं आहेत, खिशात हात घालून न बघता गाणं मागे नेता येतं. आवाज अगदी लहान पायऱ्यांनी वाढतो. एक पद संपून दुसरं लागताना मध्ये तुकडा पडत नाही, आणि नाटकाला हे फार हवं, कारण टाळ्या एका फाइलमधून दुसरीत वाहत जातात. आणि त्याच्यावर कोणाचा फोन येत नाही. पावसाळ्यात तो मी झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो.

दिवाळीच्या आधी गावी गेलो तेव्हा आईला ऐकवलं. ती चौऱ्याऐंशीची आहे. कानात काही खुपसून घ्यायला ती तयार नाही, म्हणून जुने कान झाकणारे हेडफोन लावले. पदराने डोकं झाकलेलं होतं, पदर मागे सारून तिने ते दोन्ही हातांनी धरून ठेवले. ओट्यावर उन्हात बसली होती. मी तीच बावीस सेकंदं लावली आणि म्हटलं, "खरखर फार आहे, पण तिच्या खाली ऐक."

"कसली खरखर?" ती म्हणाली.

वय होत गेलं की कान वरच्या सुरांपासून जातो. मी तीन महिने जिच्याशी झगडत होतो ती खरखर तिच्यासाठी नव्हतीच. तिला ऐकू येत होतं ते खालचं. ती डोळे मिटून बसली. विंगेतली कुजबुज आली तेव्हा जरा हसली, कोण कुजबुजतंय ते तिने नावानिशी सांगितलं. मग म्हणाली, "डाव्या पायानेच मारतायत बघ. उजवा गुडघा धरला होता त्या साली. मी सांगितलं होतं, यंदा नको बसू म्हणून."

मी हेडफोन घेतले आणि मागे नेलं. आजवर मी ती एकच 'धप' समजत होतो, एकासारखी एक. ती तशी नाही. एक जड पडते, पुढची हलकी, नुसती टेकवल्यासारखी. मग पुन्हा जड. बावीस सेकंदांनी नायकाला वाक्य आठवतं, तबल्यावर थाप पडते आणि पाय सुरांखाली जातात.

"लाव परत," आई म्हणाली, आणि हेडफोनसाठी हात पुढे केला.